सोबत कोण आलंय?
कोरियात शिकायला आलेल्या प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याला आरोग्य विमा घ्यावाच लागतो, आणि त्या विम्यात नक्की काय काय मिळतं हे बघायची मला भारी हौस! म्हणून आमच्या घरी खोली घेऊन राहणारी उझबेक मफ्तुनाताई महिनाभर पोट धरून बसल्यावर एकदाची तपासणीला निघाली, तेव्हा मीही शाळेच्या गणवेशातच तिच्यामागे पळाले. दवाखान्यात विमा झटक्यात चालला. ताईने मला ऐटीत डोळा मारला. तेवढ्यात नर्सने विचारलं, "गुंगीचं औषध देऊन पोटात दुर्बीण घालायचीय. सोबत घरचं मोठं माणूस कोण आलंय?" ताई म्हणाली, "विमा आहे ना माझा!" "विमा काय तुम्हाला हाताला धरून घरी नेणार आहे? माणूस नसेल तर आज तपासणी नाही." ताईचं घर तर ताश्कंदला! मी छाती काढून पुढे झाले. "मी आहे की!" "तू? तुलाच डॉक्टरकडे न्यायला मोठं माणूस लागतं, बाळ." मग मी आईला फोन लावला. किमचीच्या मसाल्याने लाल झालेल्या ॲप्रनसकट आई धापा टाकत आली आणि बेधडक म्हणाली, "मी हिची आई." नर्सने ताईचे हिरवे डोळे पाहिले, मग आईचे काळे. "बाई, चेहरा तर कुठेच जुळत नाही." "चेहरा कशाला बघताय? पोट बघायचंय ना? ते दोन वर्षं माझ्याच हातचं खातंय!" नर्सने हसू दाबत खुर्ची पुढे सरकवली. "या आई, बसा इथे."