नकाशावरची फुली
माझा दीर कर्जत सोडून मालवाहू बोटीवर खलाशी झाला. एकदा सुट्टीला येताना त्यानं बोटीवरचा जुना, जाडजूड समुद्राचा नकाशा घरी आणला. बोटींच्या वाटा त्यावर आखलेल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी त्याची बोट बुडाली. तो सापडलाच नाही. कंपनीचं पत्र वाचून शाळेतल्या गुरुजींनी नकाशावर त्या जागी लाल पेन्सिलीनं फुली मारली. तेव्हापासून पित्राच्या दिवशी माझ्या सासूबाई त्या फुलीवर घास ठेवायच्या. आठवड्यापूर्वी टोपल्या कागदाच्या लगद्यानं लिंपायला मी रद्दी भिजवली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जाड सुरळी न सोडताच पाण्यात बुडवली. दुसऱ्या दिवशी मेथ्या घालून लगदा कुटताना उखळात लाल फुलीचा तुकडा वर आला. तो उचलून ठेवता आला असता. कुणाला कळू नये म्हणून मी मुसळ आणखी जोरात मारलं. आज पित्राला सासूबाई रेशनवरच्या मिलो ज्वारीची भाकरी घेऊन बसल्या. "चांगुणा, नकाशा आन गं." मी वाळलेली टोपली त्यांच्यापुढं ठेवली. "आत्याबाई, नकाशा ह्यात हाय. माझ्याच हातनं झालं." त्यांनी टोपली पालथी घातली, तिच्यावरून हात फिरवला. "फुली कुठशी आली?" त्यांनी भाकरी कुस्करली आणि चिमूट चिमूट करत सगळ्या टोपलीवर ठेवली. "ह्यात कुठंतरी आसंलच की त्यो."