दुपारची तुकडी

घागर रांगेत ठेवली तरी रत्नम्माचा हात तिच्या काठावरून सुटेना.

"जा की आता," शेजारची भामाबाई म्हणाली. "मी सरकवते तुझी घागर. टँकर काय मेला वेळेवर येतोय?"

"आप्पा आले तर?"

"तुझा सासरा? तो पेठेत. आन् आलाच तर सांगते, लेकराला आडोशाला घेऊन गेलीय म्हणून. जा!"

पुढची बाई मागं वळून हसली. "जिल्हा झालं म्हणं लातूर. कचेरीच्या पाटीचा रंग वाळायच्या आधी नळच वाळले की बाई."

रांग हसली. रत्नम्माला हसू आलं नाही. तिनं बसूला कडेवर सावरलं, पदर कपाळापर्यंत ओढला आणि गल्लीत शिरली.

पदराखाली वही होती. कॉलेजनं शिक्षण अर्धवट सुटलेल्यांसाठी गणिताचा पूर्वतयारीचा वर्ग काढला होता. वयाची अट नव्हती. नागप्पा, तिचा नवरा, नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात होता. त्यानंच तिचं नाव घातलं होतं आणि जाताना म्हणाला होता, "आप्पांना मी सांगतो." त्याला चार महिने झाले. त्याची जीभ अजून रेटली नव्हती.

तिला त्याचा राग येत नव्हता. आप्पांपुढं कुणाची रेटते? आप्पा, म्हणजे सासरे सिद्रामप्पा, कधी आवाज चढवत नसत. थोरली जाऊ न विचारता सिनेमाला गेली, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं होतं, "औशाची बस किती वाजता हाय?" थोरली अजून औशातच होती, माहेरी.

आणि अलीकडं आप्पांच्या मनात काहीतरी सलत होतं. जेवताना तिच्याकडं बघत, बोलायला तोंड उघडत, मग नुसतंच ताक पीत. परवा तर ती भाकरी भाजत असताना विचारलंच, "दुपारी पाण्याला लई वेळ लागून राहिला का, सूनबाई?" तव्यावरची भाकर तिच्या हातून चुलीत पडली होती. त्यांनी पुढं विचारलं नाही. ते जास्त वाईट होतं.

ती सगळी काळजी घेई. मॅडम ज्याला त्याला फळ्यापाशी बोलवत, म्हणून घरी शिरण्याआधी खडूची बोटं पदराला पुसून टाकी. आलेख न्हाणीत बसून गिरवी. बसूला मांडीवर थोपटत ओठांतल्या ओठांत सूत्रं म्हणे, अंगाईसारखी. पोरगं त्यावर झोपायचंही.

सकाळचा वेळ तेवढा निर्धास्त. आप्पा सिद्धेश्वराच्या दर्शनाला जात. दुष्काळ पडल्यापासून त्यांची भक्ती वाढली होती. उशिरानं परतत, कपाळावर आणि बोटांवर पांढरं भस्म तसंच.

आज वर्ग चुकवून चालणार नव्हतं. पाण्यावाचून कॉलेजनं सकाळची आणि दुपारची तुकडी एक केली होती. जो आज तोंडानं 'हजर' म्हणणार नाही, त्याचं नाव कमी. नाव टिकलं तर पुढच्या वर्षी खरं कॅल्क्युलस, मग डिप्लोमा, मग नांदेडला नागप्पाजवळ बिऱ्हाड. बसूला बाप रोज दिसेल.

गंजगोलाईच्या बाजारचौकापाशी तिनं सहज मागं पाहिलं.

डोक्याला पांढरा रुमाल, काळा कोट, काखेत छत्री. आप्पा.

ती बोळात वळली. छत्रीही वळली. ती थांबली, भिंतीला चिकटली. चपलांचा आवाज जवळ आला, थबकला, पुन्हा सुरू झाला. भामाबाईनं सांगितलं असेल का? की रांगेत नुसती घागरच दिसली?

ती जवळजवळ पळतच कॉलेजात शिरली आणि शेवटच्या बाकावर, खांबाआड बसली. दोन तुकड्यांची माणसं बाकांवर मावत नव्हती. दाराशी, व्हरांड्यात दाटी झाली होती. त्या दाटीत एक पांढरा रुमाल येऊन उभा राहिला.

बसूनं मान वर केली.

"अज्जा," तो आजोबाला बघून म्हणाला.

तिनं त्याचं तोंड छातीशी दाबलं. "न्हाई रे बाळा. गप. गप माझ्या राजा." त्याच्या हातात बांगडी दिली. तो ती चोखू लागला.

पंचशीला मॅडमनी हजेरी सुरू केली. दुपारची तुकडी आधी. तिचं नाव त्यात सगळ्यात शेवटी.

एकेक 'हजर' तिच्याकडं सरकत येत होतं. गप्प राहिलं तर नाव जाईल, घर राहील. बोललं तर दाराशी उभ्या माणसाला तिचा आवाज ओळखायला कितीसा वेळ? औशाची बस, आणि बसू? बसूला ते पाठवतील तिच्याबरोबर, की ठेवून घेतील?

"रत्नम्मा नागप्पा."

तिनं खांबाआडून दाराकडं पाहिलं.

"रत्नम्मा नागप्पा? नाही आली? कमी करू का नाव?"

बसूनं बांगडी सोडून तिच्या गालाला हात लावला. ओला, कोमट हात.

"हजर!" ती म्हणाली. वाटलं होतं त्याहून मोठ्यानं.

दाराशी रुमाल झटकन वळला. माणसांच्या खांद्यांवरून सासऱ्यांची नजर थेट तिच्यावर आली. चेहरा पांढराफटक. बसू टाळ्या वाजवत "अज्जा, अज्जा" करू लागला. तिनं डोळे मिटून घेतले आणि पोराला घट्ट धरलं.

"शांत बसा," मॅडम म्हणाल्या. "आता सकाळची तुकडी. सिद्रामप्पा धोंडप्पा."

रत्नम्मानं डोळे उघडले.

"सिद्रामप्पा धोंडप्पा? अहो काका, दारात उभे आहात ना? तोंडानं सांगा, नाहीतर तुमचंही नाव कमी करावं लागेल."

दाराकडून निजामाच्या शाळेतल्या पोराचा असावा असा कापरा, बारीक आवाज आला.

"हाजिर, जनाब."