शेवटचं एक मिनिट

"आता कोणी बोलायचं नाही, हलायचंही नाही," मृण्मयी कानांवर हेडफोन चढवत म्हणाली. "या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करायचीय. संवादांच्या मधे जोडायला लागते. तेवढं एक मिनिट झालं, की आपण सुटलो."

खांबेटे कोपऱ्यात अंग चोरून बसले होते. मीडिया स्टडीजच्या या मुलांना पहिल्या लघुपटासाठी पुस्तकांची कपाटं असलेली खोली हवी होती, म्हणून सकाळपासून त्यांचं घर भरलं होतं. कोणी न विचारता फ्रीज उघडत होतं, कोणी त्यांनाच बाजूला सरकायला सांगत होतं. बायको गेल्यापासून त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं. आता मिनिटभरात ही मुलं जाणार, आणि मग शांतताच शांतता.

मिनिट संपत आलं, तसे खांबेटे खोकले.

"असू दे काका, परत घेऊ."

दुसऱ्या वेळीही ते खोकले. तिसऱ्या वेळीही. कॅमेरा आवरून बसलेला मुलगा पुटपुटला, "आजोबांना सिरप पाजा रे कोणीतरी."

खांबेट्यांचे कान तापले. या वयात हा पोरकटपणा शोभत नाही, हे त्यांनाही कळत होतं. पुढच्या खेपेला त्यांनी तोंडावर रुमाल दाबून धरला आणि श्वाससुद्धा जपून घेतला.

मृण्मयी त्यांच्याकडेच बघत होती. मिनिट पुरं व्हायच्या आत ती माइककडे झुकली आणि खोकली.

"माझीच चूक," ती म्हणाली. "आता आधी चहा टाकू, मग बघू."