बुटातली वाळू

जैसलमेरचा किल्ला बघायचं जयवंतरावांनी ‘पुढच्या वर्षी’ म्हणत इतकं लांबवलं की शेवटी गुडघ्यांनीच हात टेकले. “मी नाही तर माझे बूट तरी जाऊन येऊ देत,” बायकोला म्हणाले. मग त्या ढगळ बुटांत कापूस कोंबून सुमती एकटीच गेली. किल्ला चढली, महाल पाहिले, बाजार पालथा घातला आणि नवऱ्यासाठी बुटांतली वाळू न झटकता परदेशातल्या घराकडं परतली. ऑकलंड विमानतळावर परकी माती चालत नाही. “किआ ओरा” असा तिथला रामराम करत तपासणीवाल्या पोरीनं बूट लख्ख धुऊन दिले. सुमती लंगडत, थकून टाकानिनी उपनगरातल्या घरी पोचली. जयवंतरावांनी खुर्चीतूनच ओंजळ पुढं केली. “आण माझी वाळू!” “अहो, सरकारजमा झाली.” त्यांचा चेहरा उतरला. सुमतीनं मोजा काढला. “हा फोड तेवढा डिक्लेअर नाही केला.” टाच मांडीवर घेत त्यांनी विचारलं, “किल्ल्यावरचा की बाजारातला?”