मागच्या सीटवरून

मेकॅनिकने ऑइल मोजायची पट्टी उपसून नाकाशी धरली. ऑइल पाण्यासारखं पातळ झालं होतं, त्याला पेट्रोलचा वास येत होता. “काकू, काका गेल्यापासून मोटरसायकल जागची हललेली नाही, तरी ऑइल वाढलंय बघा. कार्बोरेटरमधून पेट्रोल इंजिनात उतरतंय. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक कोण उघडा ठेवतं?” काकू गाडीकडे बघून हसल्या. “रोज संध्याकाळी बसते ना मी हिच्यावर. डोळे मिटले की वारा लागतो, झाडं मागे पळतात. पार समुद्रापर्यंत जाऊन येतो आम्ही.” त्याने सीटकडे पाहिलं. पुढच्या भागावर बोटभर धूळ साचली होती, मागची जागा मात्र लख्ख होती. “मग उतरल्यावर कॉक बंद करायचा ना, काकू!” काकूंचा तळवा अलगद टाकीवरून फिरला. “निघताना मागून हात घालून कॉक उघडायचा, एवढंच काम माझ्याकडे होतं. बंद तर नेहमी हेच करायचे.”