दोन ते तीन

दोनला दहा मिनिटं कमी असताना ती चपला हातात घेऊन स्वतःच्याच घरात चोरासारखी शिरली. बाबांच्या झोपेची वेळ झाली होती. दोन ते तीन बाबांना उठवायचं नाही, फोनसुद्धा करायचा नाही, हा नियम तिच्या जन्माआधीपासूनचा. पिठाची गिरणी चालवत होते तेव्हाही या तासाला पट्टा उतरवून ते आडवे व्हायचे.

ती अर्धी रजा टाकून आली होती ते मागच्या खोलीतल्या मशीनसाठी. लोखंडी सांगाड्यावर सहा ग्राफिक कार्डं, त्यांचे भरपूर पंखे आणि वायरींचं जंजाळ. क्रिप्टोची नाणी काढणारं हे मशीन तिनं स्वतःच्या हातांनी जोडलं होतं. तीन आठवडे ते दुपारी दोनला बंद पडत होतं आणि तीनला आपोआप सुरू होत होतं. ऑफिसात बसून ती मोबाइलवर हे रोज बघायची. रविवारी ती दिवसभर पहारा द्यायची, तर दवाखान्याच्या दारात दाढ दुखायची थांबावी तसं ते शहाण्यासारखं चालायचं.

तिनं पॉवर सप्लाय बदलला, केबली बदलल्या, चिपवरची पेस्ट खरवडून नवी लावली. इलेक्ट्रिशियननं सॉकेट बदललं. दुकानदाराशी दोनदा वाजलं. शेवटी तिनं हात टेकले. उद्या संध्याकाळी ऑफिसातला एक जण मशीनचे सुटे भाग विकत घेऊन जाणार होता, त्यासाठी कपाटावरची खोकीही तिनं कालच खाली काढली होती. बाबांना तिनं अजून सांगितलं नव्हतं. जीभच रेटत नव्हती.

कारण गिरणी बंद झाल्यापासून खिडकीशी बसून राहणारे बाबा या मशीनमुळे पुन्हा माणसात आले होते. लोकांचे व्यवहार तपासून द्यायचे आणि त्याबद्दल थोडं नाणं मिळवायचं, असं तिनं त्यांना पहिल्या दिवशी समजावलं होतं. "म्हणजे दुसऱ्याचं दळण दळायचं आणि दळणावळ घ्यायची," बाबा म्हणाले होते. "गिरणीच की." त्या दिवसापासून त्यांची खुर्ची मशीनशेजारी आली.

आज निदान ते बंद पडताना डोळ्यांनी बघावं, म्हणून ती कपाटाआड एका खोक्यावर बसून राहिली.

स्वयंपाकघरात ताट धुतल्याचा आवाज आला. मग बाबा हात पुसत आले. चष्मा नव्हता, त्यांना ती दिसली नाही. त्यांनी सांगाड्यावर तळवा ठेवला, वाकून कान लावला आणि सरळ प्लग उपसला. सगळे पंखे गरगरत थांबले. मग रंगाच्या ब्रशनं ते एकेका पंख्यावरची धूळ झटकू लागले.

तीन आठवड्यांचा राग घेऊन ती कपाटाआडून उठली. काखेत कळसा नि गावाला वळसा, आणि या कळशाला तिनं एकदाही विचारलं नव्हतं. फोन करायची ती साडेतीनला. मशीन चालू आहे ना, म्हणायची. आणि बाबा खरं तेच सांगायचे, झकास चालू आहे.

"बाबा, हे रोज तुम्ही बंद करता?"

ते दचकले, पण ओशाळले मुळीच नाहीत. "रोज कुठे? रविवारी तू असतेस, तूच बघतेस." ब्रश पुन्हा चालू झाला. "सकाळपासून तापतं बिचारं. मी झोपायचं आणि त्यानं राबायचं, बरं दिसतं का ते?"

तिच्या ओठांवर बरंच काही आलं होतं. असा मध्येच प्लग काढला तर काय बिघडू शकतं, याची यादी तर पाठच होती. पण बाबा तिसऱ्या कार्डाच्या पंख्याशी थबकले होते आणि त्याचं पातं बोटानं हळूच फिरवून बघत होते, आणि तिला त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली की ती नुसती बघत राहिली.

"खोकी कशाला काढून ठेवलीयस गं कालपासून?" त्यांनी पाठमोऱ्यानंच विचारलं. आवाज जरा जपून होता.

"धूळ बसली होती," ती म्हणाली. "ठेवते परत वर."

बाबा झोपायला गेले. तिनं खोकी कपाटावर चढवली, ऑफिसातल्या माणसाला विकायचं नाही म्हणून कळवलं. तीनला बाबांनी उठून प्लग लावला आणि ते चहा टाकायला गेले, तेव्हा ती कीबोर्ड घेऊन मशीनपुढे बसली. दोनला आपलं आपण थांबायचं, तीनला आपलं आपण उठायचं, एवढं त्याला शिकवायला तिला दहा मिनिटंही लागली नाहीत. बाबांना ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, दोन वाजून तीन मिनिटांनी ऑफिसात तिचा फोन वाजला. बाबा. या तासाला त्यांचा फोन आजवर कधी आला नव्हता.

"काय झालं, बाबा?"

"अगं, मी प्लग काढायला आलो, तर हे आधीच झोपलंय," बाबा कुजबुजत होते. "हिरवा दिवा तेवढा लुकलुकतोय. सवय लागली बघ त्याला."

"पण तुम्ही इतकं हळू का बोलताय?"

"शेजारीच उभा आहे ना मी."

तिच्या आजूबाजूला चार फोन वाजत होते, कुणीतरी मोठ्यानं हसत होतं. तिनं तोंडावर हात धरला आणि तीही कुजबुजली, "मग आता तुम्हीही झोपा."