जनरलचं नाक

पडदा सरकला आणि जनरल गुर्गेनने स्वतःच्याच ब्राँझच्या पुतळ्याला सलाम ठोकला. दोनदा वीरपदक मिळवणाऱ्या सोव्हिएत सेनानीचा पुतळा त्याच्या जन्मगावी बसवायची रीतच होती. आर्मेनियातलं ते सगळं खेडं जमलं होतं.

“हा कोण रे?” पहिल्या रांगेतून जनरलची आई कडाडली. “आपल्या घराण्यात चिमुकलं नाक कुणाचंच नाही! कुणी छाटलं?”

शिल्पकार पांढराफटक पडला. नाक दोन बोटं कमी करायची चिठ्ठी जनरलनेच गुपचूप पाठवली होती. जनरल खरं बोलला तर त्याचं गावभर हसं होणार, गप्प बसला तर बिचाऱ्या शिल्पकाराची नोकरी जाणार.

रणगाड्यांसमोर न हललेला जनरल चाचरला, “मीच सांगितलं होतं, आई.”

आईने पुढे येऊन लेकाचं नाक चिमटीत धरलं आणि शिल्पकाराला फर्मावलं, “घे माप!”